हिंगुळाचा ताप

"आ कर," आबा म्हणाले. "जीब भायर काड."

मी काढली. पडवीत दुपारचं ऊन तिरकं आलं होतं. आबांनी माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडं वळवलं. रंग वाळला की नाही ते बघायला लाकडी आंबा ते असाच उन्हाकडं वळवायचे. मग त्यांचा हात तिथंच थांबला.

"शालन, खरा सांग. कुंचलो तोंडात घातलंस?"

"नाय आबा. घालूक नाय."

"परत सांग."

"घालूक नाय म्हटलंय ना!"

माझा घसा इतका दुखत होता की थुंकी गिळायचीसुद्धा भीती वाटत होती. सकाळी पेज ओकून झाली होती, डोकं ठणकत होतं, आणि त्यात ही उलटतपासणी. खोटं बोलणाऱ्याला राग येतो तसा खरं बोलणाऱ्यालाही येतो, आणि जरा जास्तच येतो. मी जीभ आत ओढली आणि तोंड मिटून घेतलं ते उघडलंच नाही.

आबांची भीती उगीच नव्हती. आम्ही सावंतवाडीचे चितारी. लेथवर लाकूड फिरवून त्याची फळं करायची, त्यांवर रंग चढवायचे, केवड्याच्या पानानं घासून त्यांना चकाकी आणायची आणि टोपल्या भरून विकायच्या, हे आमचं पिढ्यांचं काम. वासू मेस्त्रींचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आबांचा, काजूचा बोंडू बघून कावळेदेखील फसतात, असं बाजारात म्हणत. मी तो कावळा कधी पाहिला नाही, पण आबांनी ती गोष्ट कधी नाकारलीही नाही. बोंडवाचा तो लाल रंग आबा हिंगूळ खलून करायचे. हिंगूळ हा पाऱ्याचा लाल दगड, म्हणजे विष. आबांचे थोरले भाऊ कुंचल्याला टोक आणायला तो ओठांत धरायचे. आधी त्यांच्या हिरड्या काळ्या पडल्या, मग हात कापायला लागले, आणि ते फार लवकर गेले. तेव्हापासून आमच्या घरात कुंचल्याचं टोक अंगठ्याच्या नखावर करायचं, असा दंडक होता.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मला माझा स्वतःचा कुंचला मिळाला होता. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्याआधी मी नुसती रंग खलून द्यायची. माझा पहिला बोंडू आबांनी हातात घेऊन उलटसुलट फिरवला आणि आत जाऊन आईला म्हणाले, "ह्याचो हात माज्यापेक्षा बरो होतलो." मी दाराआड होते. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस हवेत चालले. मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

आणि आता माझ्या जिभेवर पांढऱ्या सायीतून लाल लाल ठिपके वर आले होते. अगदी कोणी बारीक कुंचल्यानं टिपके द्यावेत तसे. गाल पेटल्यासारखे लाल आणि तोंडाभोवती मात्र पांढरं फटक वर्तुळ. आबांनी दुसरं काय समजायचं?

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिनं माझा झगा वर करून पोट बघितलं.

"अवो, रंग खयचो? गोवर इलो आसा तेका. आंगार बगा कसो फुटलो तो!"

"गोवर जिबेर येता?"

"खयय येता. आता तेका औशिद देव नको. भायर पडांदेत सगळो."

झालं. त्या क्षणापासून घरात दोन आजार आले आणि ते भोगायला मी एकटी. आईच्या गोवरासाठी खिडकी बंद झाली, दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद झाली, आणि औषधाचं नाव काढायचं नाही असं ठरलं. आमच्याकडं तशीच रीत होती. गोवर म्हणजे देवीचं येणं, तिला औषधानं हुसकायचं नसतं, तिचं तिनं येऊन तिचं तिनं जायचं. आबांच्या हिंगुळासाठी मात्र दर थोड्या वेळानं कोमट दुधात तूप घालून माझ्या तोंडाशी यायचं. विष ओकून पडावं म्हणून आबा ते पाजत, आणि ओकले की आई त्यांच्यावर ओरडे.

"मारशात तेका दूद पाजून!"

"आनि तू काय करतंस? पालो टांगून बसलंहस!"

एरवी ही दोघं कधी भांडत नसत. त्यांचं भांडण मला फार लांबून, पाण्याखालून ऐकू आल्यासारखं येत होतं. हळूहळू त्याचे शब्द विरघळले आणि नुसती घरघर उरली. ती लेथची घरघर होती.

त्या तापात मी काय काय पाहिलं ते मला अजून लख्ख आठवतं. जे खरंच घडलं ते पुसट झालंय आणि हे मात्र नाही. मी लेथवर होते. डोक्याकडून आणि पायाकडून दोन टोकांत मला कोणी अडकवलं होतं आणि मी सावकाश फिरत होते, मला त्याचं काही वाटत नव्हतं. आबा समोर बसले होते, पण ते फार लहान दिसत होते, माझ्यापेक्षाही लहान. त्यांच्या हातात लाखेची लाल कांडी होती. ती ते माझ्या अंगाला टेकवत आणि ऊब लागून लाख वितळे, मानेवरून छातीवर, छातीवरून पोटावर रंग उतरत जाई. "तोंडाभोवती नको," मी सांगत होते, "तिथं पांढराच राहूदे." आबा मान हलवत होते. भिंतीवरच्या फळीवरची सगळी फळं उठून बसली होती. आंबे, केळी, जांब, भोपळी मिरच्या, सगळी माझ्याकडं बघत होती आणि आपसात कुजबुजत होती, की ही कुठलं फळ व्हायची? मला ते ठाऊक होतं, पण घसा दुखत होता म्हणून सांगता येत नव्हतं. मला भीती अशी वाटली नाही. एकच काळजी वाटत होती. फळ झाल्यावर मला हात असणार नाहीत, मग कुंचला धरायचा कशानं?

मध्येच कधीतरी खरा हात माझ्या दंडावरून फिरला. आबांचा. तो हात वर गेला, खाली आला आणि कोपराच्या खळगीत थबकला.

"खरखरीत लागता," आबा पुटपुटले. "घासूक नाय तशा लाकडासारख्या लागता."

"केवडा लावा," मी म्हणाले. आई रडायला लागली. तिला वाटलं मी बरळतेय. मी बरळत नव्हते, मी अगदी कामाचं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा उठले. हे मला आईनं पुढं सांगितलं. त्यांनी हिंगूळ खललेली वाटी उचलली, तिच्यावर केळीचं पान झाकलं, पायांत वहाणाही न घालता ते बाहेर पडले. आई म्हणाली, "खय चललात?" ते चालतच राहिले. तिला वाटलं, रंग नेऊन तळ्यात ओततायत. ते आधी सातेरी देवीच्या देवळात गेले. तिथं वाटी पायरीवर ठेवून त्यांनी काय गाऱ्हाणं घातलं ते तेव्हा कोणाला कळलं नाही. तिथून ते तसेच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले.

नेरूरकर डॉक्टरीणबाई वाडीत नव्यानं आल्या होत्या. पुढं त्या आमच्याकडून टोपल्या नेत, तेव्हा ही हकिकत हसत हसत सांगायच्या. दवाखान्यात एक माणूस अनवाणी शिरतो, रांगेतल्या बायकांना न बघता टेबलावर लाल रंगाची वाटी ठेवतो आणि म्हणतो, "बाई, ह्याचो उतारो द्या."

"हे काय आहे, मेस्त्री?"

"हिंगूळ. चेडवान चाटल्यान माज्या."

"कधी चाटला?"

"ता म्हणता चाटूक नाय म्हणान. पन तेची जीब बगा! गाल बगा! आंगार लाल पुरळ, घसो सुजलो, ताप कमी होना नाय."

बाईंनी वाटी बाजूला सारली आणि विचारलं, "घसा आधी दुखायला लागला, की पुरळ आधी आलं?"

आबांनी आठवून सांगितलं की घसा आधी. बाई लगेच पिशवी घेऊन उठल्या. एकच सांगते, आईचं ऐकून आबा गप्प बसले असते तर डॉक्टरचा पाय आमच्या उंबऱ्याला लागलाच नसता, कारण गोवराला डॉक्टर आणायचा नसतो. चुकीच्या भीतीनं का होईना, आबा योग्य दाराशी जाऊन उभे राहिले.

मला आठवतं ते एवढंच, की बंद खिडकी धाडकन उघडली आणि प्रकाशाबरोबर एक पांढरी साडी आत आली. तिच्या हाताला साबणाचा वास होता. चमच्याच्या दांडीनं तिनं माझी जीभ दाबली, घशात बघितलं, मानेच्या गाठी चाचपल्या. पोटावर बोट दाबून धरलं आणि सोडलं.

"हे बघा," ती आईला म्हणाली. "दाबलं की पांढरं पडतं आणि सोडलं की पुन्हा लाल. हात फिरवून बघा, कसं खरखरीत लागतंय. कोपराच्या खळगीत लाल रेघा दिसतात? गोवर असता तर डोळे लाल असते, नाक गळलं असतं, खोकला असता. यातलं काही आहे का हिला?"

"नाय," आई हळूच म्हणाली. "पन बाई, देवीचा काय नाय ना?"

"घशाचा आजार आहे. घशात जंतू वाढतात, त्यांचं विष अंगात पसरतं आणि हे पुरळ उठतं. स्कार्लेट फीवर म्हणतात. तुम्ही लाल ताप म्हणा हवं तर. शाळेच्या वयाच्या पोरांना होतो. खोकल्या-शिंकल्यातून, उष्ट्या भांड्यातून दुसऱ्याला लागतो. तेव्हा शेजारची पोरं सध्या इकडं नकोत, आणि हिचा पेला वेगळा ठेवा. यावर चांगलं औषध आहे. इंजेक्शन रोज द्यावं लागेल."

आबा दारात उभे होते. वाटी अजून हातात.

"आनि रंग?" त्यांनी विचारलं.

"रंगाचा काही संबंध नाही, मेस्त्री."

"पन जिबेर ता लाल..."

"ते या तापातच होतं. साय निघून गेली की आणखी लाल दिसेल, दाणेदार. महाबळेश्वराकडं स्ट्रॉबेरी म्हणून एक फळ होतं, तशी दिसते म्हणतात."

आबांनी हातातल्या वाटीतला लाल रंग बघितला. "ता फळ मियां करूक नाय कधी," ते म्हणाले.

बाई हसल्या असाव्यात. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "तो रंग तोंडात घालायचा नाही हे तुमचं खरंच आहे, ते सोडू नका. पण पोरीनं घातला नव्हता. ती खरं बोलत होती. आणि आणखी एक नीट ऐका. दोन दिवसांत हिचा ताप उतरेल, ही उठून खेळायला लागेल. म्हणून औषध मध्येच बंद करायचं नाही. अर्धवट सोडलं तर हा आजार पुढं जाऊन हृदयाला धरतो. लघवी कमी झाली, लाल झाली, सांधे दुखले, तर मला लगेच सांगायचं."

इंजेक्शनाची मला आठवण नाही. ती घरघर मात्र त्या रात्रीतच थांबली, लेथ कोणी बंद केल्यासारखी.

मी खरंच बरी झाले. बाईंच्या दटावणीमुळं आबा मला रोज खांद्यावर घालून दवाखान्यात नेत, ताप उतरल्यावरही. मी रडून गोंधळ घालायची आणि ते एकही शब्द न बोलता मला घट्ट धरून बसायचे. त्यांचा तो गप्पपणा मला तेव्हा दुखण्याचाच भाग वाटला. मग एके सकाळी माझ्या बोटांच्या टोकांची कातडी सुटायला लागली. बाईंनी तेही आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळं आई घाबरली नाही. मी पडवीत बसून बोटांवरचे ते पातळ पापुद्रे सोलत राही. खाली नवी, मऊ, गुलाबी बोटं होती. मला वाटे, जुना रंग खरवडून टाकलाय आणि आता ताजं लाकूड निघालंय, आता यावर काहीही रंगवता येईल. त्या दिवसांत मला सगळंच हलकं आणि जरा पारदर्शक दिसत होतं. अंगणातली कोंबडीसुद्धा पलीकडचं दिसावं इतकी पातळ वाटायची.

मी म्हणाले, "आबा, माजो कुंचलो दिया."

आबा लेथवर वाकले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"आबा, कुंचलो!"

"नाय," ते म्हणाले, आणि उठून मागच्या अंगणात निघून गेले.

आईनं मला जवळ घेतलं आणि सांगून टाकलं. देवळात त्या दुपारी आबांनी देवीला शब्द दिला होता. चेडू, म्हणजे मी, वाचलं तर त्या चेडवाचा हात जन्मात रंगाला लागायचा नाही.

मला काय वाटलं ते सांगायला मला अजून नीट जमत नाही. माझे हात माझ्यासमोर होते, नवे कोरे, आणि ते कोणीतरी देऊन टाकले होते. मी ओरडले. मी घर डोक्यावर घेतलं. "रंगान होवक नाय! बाईन सांगितल्यान! मियां चाटूक नाय होतंय! तुमी माका खोट्या ठरवलात आनि देवीक जावन सांगितलात!" आबा मागच्या दारात येऊन उभे राहिले. माझं शेवटचं वाक्य त्यांना लागलं असावं, कारण त्यांनी दाराची चौकट धरली.

"खरा आसा तुजा," ते म्हणाले. "पन शब्द दिलंय मियां. तू वाचलंस. आता मोडलंय आनि परत तुका काय झाला तर?"

"चुकीच्या समजान दिलेलो शब्द तो," आई म्हणाली. तिनं आबांना उलट बोललेलं मी फार क्वचित ऐकलं. "देवी काय सावकार आसा? जावन इचारा तिका."

आमच्याकडं विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवीच्या पाषाणावर गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवतो, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. ज्याला प्रश्न असतो त्याच्या वतीनं गाऱ्हाणं घालतात आणि बघत राहतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्यावर पुन्हा वाद नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं देवळात गेलो. देवळात गार होतं आणि तेलाचा वास होता. माझे पाय अजून कापसाचे होते, म्हणून आईनं मला खांबाला टेकवून बसवलं. गुरव म्हातारा होता, त्यानं पाकळ्या लावायला इतका वेळ घेतला की मला मध्येच डुलकी आली. जागी झाले तेव्हा आबा हात जोडून उभे होते. गाऱ्हाणं गुरवानं घालायचं, पण आबा म्हणाले, "मियांच सांगतंय."

"बाये सातेरी माउली," आबांनी सुरुवात केली, "मियां तुका शब्द दिल्लंय, चेडू वाचला तर तेचो हात रंगाक लागाचो नाय."

"होय म्हाराजा," गुरव आणि आई म्हणाले. प्रत्येक वाक्यामागं तसं म्हणायचं असतं.

"तू वाचयलंस."

"होय म्हाराजा."

"पन माका वाटला होता रंगान झाला. रंगान होवक नाय. चेडू खरा बोलला. बापूस चुकलो."

"होय म्हाराजा," गुरव म्हणाला. आईचा आवाज आला नाही, ती पदर तोंडाला लावून उभी होती.

"तर बाये, माका माजो शब्द मागे घेवक दी. देतलंस तर उजवो दी. नाय तर डावो."

"होय म्हाराजा."

आम्ही बघत राहिलो. त्या लाल पाकळ्या मला फार जवळ आणि फार मोठ्या दिसत होत्या. त्यांच्यावरून पाणी हळूहळू ओघळत होतं. कुठंतरी एक पारवा घुमत होता. मी मनातल्या मनात उजव्या पाकळीला ढकलत होते, इतक्या जोरानं की माझे कान दुखले.

डावी पडली.

तिचा आवाज झाला नाही, तरी मला तो ऐकू आला. मी रडले नाही. मला वाटलं, मी अजून तापातच आहे, आता लेथ सुरू होईल. गुरवानं आबांकडं बघून मान हलवली आणि तो बाजूला व्हायला लागला.

"रव," आबा म्हणाले. "परत लाव."

"मेस्त्री, एकदा जाब मिळालो. तोच प्रश्न परत इचारूचो नसता."

"तो नाय इचारनंय. दुसरो आसा."

गुरवानं आईकडं बघितलं. आईला काही माहीत नव्हतं, तिनं खांदे उडवले. म्हाताऱ्यानं नवी दोन फुलं घेतली आणि पुन्हा तेवढ्याच सावकाशीनं पाकळ्या लावल्या. आबांनी हात जोडले नाहीत. त्यांनी उजवा हात पालथा करून देवीसमोर धरला. अंगठ्याच्या नखावर कितीतरी वर्षं कुंचल्याचं टोक करून करून रंग मुरला होता, तो धुतल्यानंही जात नसे.

"बाये, शब्द मोडूचंय नाय मियां," ते म्हणाले.

"होय म्हाराजा."

"एक हात तुका देवचो आसा, तो देतंय. पन तेचो घेव नको. माजो घे. आजपासून मरापर्यंत ह्यो हात रंगाक लागाचो नाय. तेचो हात सोड."

कोणीच होय म्हाराजा म्हटलं नाही.

गुरव तोंड उघडं टाकून आबांकडं बघत होता. वासू मेस्त्रीच्या हाताचं नाव बेळगावपर्यंत होतं, ते त्यालाही ठाऊक होतं. आईनं आबांचं मनगट धरलं आणि ते खाली ओढायला बघितलं, पण हात हलला नाही. आबा वाट बघत होते, देवीची नव्हे, आमची. मग खूप वेळानं गुरवानंच घसा खाकरून हळू म्हटलं, "होय म्हाराजा."

उजवी पाकळी लगेच पडली.

आई पुढं कधी चेष्टेत म्हणायची की त्या म्हाताऱ्यानं दुसऱ्यांदा उजवीकडं पाणी कमी लावलं असणार. गुरव जिवंत असेपर्यंत तिनं त्याला तसं विचारलं मात्र नाही.

घरी येऊन आबांनी आपले सगळे कुंचले, अगदी एका केसाचासुद्धा, माझ्यासमोर आणून मांडले आणि स्वतः लेथवर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी रंगाला हात लावला नाही. लाकूड ते फिरवत, घासत, चकाकी आणत. रंग फक्त माझा. मला शिकवायचं झालं तर ते पाठीमागं उभे राहून नुसतं बोलत. "थय जरा कमी. आता देठाकडे काळपट. गोल नको, बोंडू कदी पुरो गोल नसता." कधी राहवलं नाही तर बोट हवेत फिरवत, आणि मध्येच आठवण होऊन मूठ मिटून घेत.

आणि मी आठ-नऊ वर्षांची होते हो. माझा हात चांगला होणार होता, अजून झाला नव्हता. त्या वर्षी आमच्या दुकानातून जी फळं गेली ती बघून कावळा काय, आंधळाही फसला नसता. आंब्याला गालावर डाग, केळ्यांवर थरथरत्या रेघा. गणपतीच्या आधी बेळगावचा जुना व्यापारी टोपल्या न्यायला आला. त्यानं एक बोंडू उचलला, चष्मा कपाळावर चढवून जवळून बघितला, दुसरा उचलला, आणि कळवळून म्हणाला, "मेस्त्री, काय हो हे? हात बिघडला का तुमचा?"

मी दाराआड होते. माझे गाल पुन्हा त्या तापातल्यासारखे पेटले. आता आबा सांगतील, पोरीचं काम आहे, सांभाळून घ्या.

आबांनी लेथ थांबवला. त्या माणसाच्या हातातला बोंडू घेतला, उन्हाकडं वळवून नीट बघितला, आणि तो पुन्हा टोपलीत सगळ्यांच्या वर ठेवला.

"बिगडूक नाय," ते म्हणाले. "हात नवो आसा."